रंकाळ्याचा चर बुजवायची घाई कशाला?



रंकाळा तलावाकाठी ड्रेनेज लाइनच्या दुरुस्तीसाठी खुदाई सुरू झाली की दोन मागण्या हमखास येतात : वास थांबवा आणि फिरायचा रस्ता मोकळा करा. दोन्ही रास्त आहेत. पण दुसरी पुरी करण्याच्या घाईत पहिली राहून जाते. म्हणून माझे म्हणणे बहुतेकांना न रुचणारे आहे. चर उघडा राहू द्या. मुरूम टाकून वर पेव्हिंग ब्लॉक बसवण्याआधी लाइन पाण्याने भरून तपासली का, एवढे विचारा.

तलावालगतची लाइन पेठेतल्या लाइनसारखी वागत नाही. तलावाची पातळी चढली की काठच्या जमिनीतले पाणीही वर येते. सांधे निखळलेले असतील तर उन्हाळ्यात मैला बाहेर झिरपतो आणि पावसाळ्यात बाहेरचे पाणी आत शिरते. लाइन तुडुंब भरली की खालचे चेंबर उसळते आणि सांडलेले सगळे उताराने परत तळ्यात जाते. मग खापर अतिवृष्टीवर. शिवाय पाइपात शिरलेले हे पाणी मैल्याबरोबर पंपाने उपसायचे आणि त्याच्यावर प्रक्रिया करायची. म्हणजे तळ्याचेच पाणी वीज जाळून शुद्ध करायचे, तेही करदात्यांच्या पैशाने!

सिमेंटच्या पाइपाचे दुखणे बहुधा वरच्या अंगाला असते. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. पाइपाच्या ओलसर छताशी जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि सिमेंट पोखरत जाते. खालून धड दिसणारा पाइप एक दिवस वरून खचतो. हाच वायू चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाचा जीव घेतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वाससुद्धा येईनासा होतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘लवकर उरका’ असा तगादा लावणाऱ्यांनी (त्यात आम्ही रोज फिरायला येणारेही आलोच) त्या घाईपायी आत कोणाला उतरवले जाईल, याचा विचार करावा.

थोडीशी गळती चालवून घ्यायला काय हरकत आहे, असे कोणी म्हणेल. श्याम सोसायटीच्या आणि परताळ्याच्या बाजूने येणाऱ्या सांडपाण्याने या तळ्याचे काय केले, ते आपण पाहिले आहे. जलपर्णी, हिरवी साय, प्राणवायू संपून मेलेले मासे. मैल्यातला आणि साबणातला फॉस्फरस तळाच्या गाळात बसतो आणि सांडपाणी थांबल्यावरही वर्षानुवर्षे पाण्यात उतरत राहतो. ज्या तळ्याच्या पोटात इतकी जुनी शिल्लक आहे, तिथे लहान गळतीही महाग पडते. तळ्याकडे येणारे सांडपाणी वळवून दुधाळी नाल्याकडे नेले, म्हणून प्रश्न मिटत नाही. पुढे पंचगंगा आहे आणि नदीच्या खालच्या अंगाला इचलकरंजी. २०१२ साली तिथे काविळीची मोठी साथ आली होती. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला की काय होते, हे त्या गावाला वेगळे सांगायला नको.

चाचणी अवघड नाही. दोन चेंबरमधल्या पाइपाची तोंडे बंद करायची, त्यात पाणी भरायचे आणि पातळी किती उतरते ते पाहायचे. केंद्राच्या मलनिस्सारण नियमावलीतही ही चाचणी सांगितली आहे. चर उघडा असेल तर गळका सांधा डोळ्यांना दिसतो; बुजवल्यावर तोच शोधायला पुन्हा खणावे लागते. जिथे पाइपाचा उतार ठीक आहे आणि फक्त सांधे गळतात, तिथे आत कॅमेरा सोडून पाहणी करावी आणि आतूनच अस्तर द्यावे. मुंबईत जुन्या वाहिन्यांना असे अस्तर दिले गेले आहे. अशा ठिकाणी चर खणायचीही गरज नाही.

चर उघडा ठेवण्यात खरी अडचण रंकाळा चौपाटीवरच्या भेळवाल्यांची आहे. त्यांचे पोट संध्याकाळच्या गर्दीवर चालते, आणि फिरायला मिळत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या माझ्यासारख्यांपेक्षा त्यांचे म्हणणे वजनदार आहे. पण रंकाळ्याचा काठ लांब आहे. काम चेंबर ते चेंबर टप्प्याने केले, तर एका वेळी थोडाच भाग अडतो. तेवढ्या गाड्यांना दुसऱ्या बाजूला जागा आणि दिवे द्यावेत, तेही खुदाईच्या आधी. काम उन्हाळ्यात करावे. तेव्हा भूजल खाली असते आणि चर कोरडा राहतो.

आणखी एक. कुंपणाच्या पत्र्यावर नेत्यांच्या फोटोऐवजी साधा फलक लावावा : कोणत्या चेंबरपासून कोणत्या चेंबरपर्यंत काम, चाचणी कोणत्या तारखेला, पाणी किती उतरले. ठेकेदाराचे शेवटचे बिल मात्र त्यानंतरचा एक पावसाळा पाहूनच द्यावे.

— रंकाळ्यावर रोज फिरायला येणारा एक वाचक, कोल्हापूर