अडणारी सुई

तोरण विणताना धागा चिरू लागला, टाका सुईच्या डोक्यापाशी अडू लागला, की घरातील ज्येष्ठ स्त्री बहुधा स्वतःच्या डोळ्यांना किंवा बोटांना दोष देते आणि विणकाम बाजूला ठेवते. दोष पुष्कळदा सुईचा असतो. बावड्यासारख्या गावात क्रोशाची सुई हवी त्या मापात, हवी तेव्हा मिळेलच असे नाही. इंदापूर किंवा अकलूजला जाणाऱ्याकडे निरोप द्यावा लागतो. तोवर अर्धे तोरण पिशवीत जाते, आणि पिशवीत गेलेले तोरण पुन्हा बाहेर येण्याची शाश्वती नसते.

सुई घरी दुरुस्त करण्यात कमीपणा काहीच नाही. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधील अनेक स्त्रियांनी क्रोशाच्या लेसवर संसार तगवले. त्यांतील गरिबांच्या हाती वाकवलेली सुई बुचात खोचून केलेले हत्यार असे. आंध्रातील नरसापूरच्या क्रोशे-लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील सारे कामही याच एवढ्याशा आकडीवर चालते.

प्रथम दोष शोधावा. कापसाच्या बोळ्यावरून सुईची आकडी हळूच फिरवावी. तंतू जेथे अडकतील तेथे धातूचे वा लाकडाचे बारीक कुसळ आहे असे समजावे. सुई लाकडाची किंवा बांबूची असेल, तर २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४०० आणि शेवटी ६०० असा क्रम ठेवून रेषेच्या दिशेने घासावे. ॲल्युमिनियमला ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून वापरावा. आकडीच्या खाचेत कागद शिरत नाही. तेथे जाड सुती दोऱ्याला पितळ उजळण्याचे पॉलिश लावून, दोरा ताणून धरावा आणि खाच त्यावर मागेपुढे फिरवावी. काम झाल्यावर सुई साबणाने धुऊन कोरडी करावी, नाहीतर शुभ्र धाग्यावर काळपट डाग पडतात.

पोलादी सुईची गोष्ट वेगळी. तिच्यावर बहुधा निकेलचा मुलामा असतो. पॉलिश पेपरने तो उडाला की खालचे पोलाद गंजते आणि गंजाचा डाग रुमालावरून सहसा जात नाही. म्हणून तिला फक्त दोऱ्याचा उपाय करावा. मुलामा आधीच उडालेला असेल, तर सरळ नवी सुई घ्यावी. सुईची किंमत एका बाजूला आणि रुमालामागचे पंधरा दिवस दुसऱ्या बाजूला मांडले, तर येथील काटकसर निव्वळ तोट्याची ठरते.

आणखी एक हिशेब व्यापारी घराला सहज पटेल. टाक्याचे माप सुईच्या दांडीवर ठरते. १.२५ मिलिमीटरची दांडी घासून ०.१ मिलिमीटरने उतरली, तर माप आठ टक्के घटले. मग एकाच तोरणाची डावी बाजू सैल आणि उजवी आवळलेली दिसते. काम अर्ध्यावर असताना दांडीला हात लावूच नये. घासायचे ते फक्त डोके आणि खाच.

खरा लाभ मुठीच्या बदलात आहे. बारीक पोलादी सुई चिमटीत आवळून धरावी लागते आणि सांधे दुखणाऱ्या बोटांना तेच सोसत नाही. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब सुईवर चढवली, तर पकड लगेच मऊ होते. त्याहून चांगली मूठ एम-सीलची. हातमोजे घालून तिचे दोन्ही भाग सारख्या प्रमाणात मळावेत, सुईच्या मागल्या भागावर थापावेत आणि मूठ ओली असतानाच जिची सुई तिने स्वतः हातमोज्यासह धरून पाहावी. सुनेच्या बोटांचे ठसे सासूबाईंच्या कामाचे नाहीत. रात्रभर वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवावा.

लाकडाची मूठ आवडत असेल, तर शेतीच्या अवजारांना लागणारी बाभूळ टणक असते. सुताराकडून बोटभर तुकड्याला भोक पाडून घ्यावे. तयार मेण-पॉलिशात अनेकदा मधमाशांचे मेण असते. जैन घरात त्याऐवजी जवसाचे तेल लावता येते. एकच पातळ हात द्यावा, जादा तेल पुसावे आणि सुई काही दिवस वाळू द्यावी. तेलाचे फडके मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते दोरीवर मोकळे पसरून वाळवावे.