तार बैलाची, पाय घोड्याचा

मंडळी, गेले तीन वीकांत मी घोडीसाठी पीजी शोधतोय. हसू नका. मालक पुण्यात कोड लिहिणार, घोडी गावाकडे दुसऱ्याच्या पागेत राहणार आणि आपण महिन्याच्या महिन्याला चाऱ्याचे-सईसाचे पैसे मोजायचे, असा हा मामला. सारंगखेड्याच्या बाजारातून चंदाला आणली तेव्हा दात, चाल, भोवरे सगळं बघितलं. (भोवऱ्यांवर माझा विश्वास नाही, पण काकाजींचा आहे.) ती राहील तिथे तिच्याभोवती काय असेल, हे मात्र बघितलं नाही.

पहिली पागा अमरावतीजवळची. रंगवलेलं गेट, कारंजं, फोटो काढायला झक्कास. आणि कुंपण? काटेरी तारेचं. दिवाळीत रात्री लड वाजली, चंदा उधळली आणि पुढचा उजवा पाय तारेत गेला. सकाळी सईसाला दिसलं. टाके टिकले नाहीत. पुढे जखमेवर मांस वाढलं, तेही कापावं लागलं. पागेचे मालक शांतपणे म्हणाले, "जनावर हाय भाऊ, लागतेच. आमची तार एकदम मजबूत हाय."

इथेच माझं डोकं फिरतं. अहो, मजबूत होती म्हणूनच पाय कापला ना!

काटेरी तारेचं गाजलेलं पेटंट १८७४चं, अमेरिकेतल्या ग्लिडनचं. ती तार गाईगुरांसाठी होती. जाड कातडीची गाय काटा टोचला की मागे सरकते. घोडा मागे सरकत नाही, पळतो. अडकलेला पाय ओढत राहतो. त्याच्या गुडघ्याखाली स्नायूच नसतात, नुसती कातडी, शिरा आणि हाडं. त्यामुळे तिथली जखम लवकर भरत नाही. त्यात धनुर्वाताचा धोका घोड्याला फार. आणि अंधारात भरधाव निघालेल्या जनावराला बारीक तार दिसणार कशी? आपल्या भाषेत सांगायचं तर या कुंपणाचं टेस्टिंग फक्त शहाण्या युजरवर झालंय. बिथरलेला युजर कोणी धरलाच नाही.

आता आमच्या वऱ्हाडातली गंमत बघा. वलगावपासून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की दोन्हीकडे तारा. कपाशी, तूर, सोयाबीन वाचवायला. त्या रोही आणि रानडुकरांना बाहेर ठेवायच्या. शेतकऱ्याचं बरोबरच आहे, त्याचं वर्षाचं पीक पणाला लागलेलं असतं. पण पागेचं कुंपण आतल्या जनावरासाठी असतं! शेताची तार तशीच उचलून पागेला लावायची आणि वर महिन्याचे पैसे घ्यायचे, हा निव्वळ आळस आहे. "झटका मशीन लावू की" म्हणणारेही भेटले. खऱ्या मशीनचा झटका क्षणभराचा असतो, मधे सेकंदभर थांबतो, जनावराला बाजूला व्हायला वेळ मिळतो. तिथेही बारीक तार नको, लांबून दिसणारी रुंद पांढरी पट्टी हवी. एकाने तर थेट घरच्या लायनीतून वायर ओढली होती. त्याने घोडंही मरेल आणि माणूसही. मी तिथून चहा न पिताच निघालो.

आणि आपण घोडेवाले आयटीतले लोक? आपण खुराक विचारतो, वायफाय कॅमेरा विचारतो. कुंपणावरून हात फिरवून कोण बघतं? मीही नव्हता फिरवला. कायद्याच्या भरवशावर तर राहूच नका. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याबद्दल १९६०च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला १० ते ५० रुपये. चंदाची एक मलमपट्टी त्याहून महाग.

आता मी बघतो ते असं: छातीपेक्षा उंच, लांबून दिसणारं, लाकडाचं किंवा पाइपाचं. आडवे पाइप खांबांच्या आतून, म्हणजे अंग घासलं तरी खांब लागायला नको. जाळी असेल तर खूर शिरणार नाही इतकी बारीक. कोपरे गोल, म्हणजे दुसऱ्या घोड्याने कोंडलं तरी सुटता येतं. यात रॉकेट सायन्स कुठंय? तीन वीकांतांत अशी एकही पागा मिळाली नाही.

शेवटी वलगावला काकाजींच्या वावरातच, पेढी नदीकडच्या बाजूला, पाइप रोवायला घेतलेत. चंदा अजून किंचित लंगडते. परवा काकाजींचा फोन आला, "कुंपन झालं पाय. वरतून एक काट्याची तार टाकली, चोराचं भेव नको."

शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. पक्कड सोबत नेतोय.