खेळातले विमान आणि खरी आग

दूरनियंत्रित विमानाची प्रतिकृती मुलांनी स्वतः जुळवावी, ती आकाशात झेपावताना पाहावी आणि त्यातून त्यांना विज्ञानाची गोडी लागावी, ही समाधानाचीच गोष्ट होय. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत ही विद्या शिकविली जाते, आणि वायुसेनेच्या अनुरक्षण कमानचे मुख्यालय असलेल्या नागपुरात या छंदाचे आकर्षण असणे स्वाभाविक आहे. तथापि या विमानाच्या पोटातील बॅटरी ही खेळण्याची वस्तू नव्हे, याची जाणीव घरोघर पोहोचली आहे असे म्हणवत नाही.

पूर्वी अशा विमानांत निकेल-कॅडमियमची बॅटरी असे. ती जड होती, पण हाताळणीतील चुका बऱ्याच अंशी सोसून घेई. आजची लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी व जोरकस आहे, परंतु ती चुका सोसत नाही. तिचा एक घट ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे तो भरत राहिला, अथवा ३ व्होल्टच्याही खाली उतरला, तर आतील रचना बिघडते. दोन ध्रुवांमध्ये असतो तो केवळ एक पातळ पडदा. विमान आपटून तो फाटला की उष्णता वाढते, वायू साचून बॅटरी फुगते आणि अखेर पेट घेते.

ज्यांचा विमानांशी रोजचा संबंध, त्यांनी हा धोका केव्हाच ओळखला. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या बोईंग ७८७ मध्ये लिथियम बॅटरीने पेट घेतला. त्याच महिन्यात त्या जातीची जगभरची विमाने, एअर इंडियाच्या विमानांसह, जमिनीवर ठेवण्यात आली. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय मनाई आहे. घरात मात्र अशी शिस्त कोण लावणार? सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्ज होत असलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा बळी गेला. विमानाची बॅटरी आकाराने लहान, परंतु तिची जात तीच आहे.

महालासारख्या वस्तीत हा विचार अधिकच अगत्याचा ठरतो. काळ्या दगडाचा व कोरीव लाकूडकामाने नटलेला भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला आणि केवळ महाद्वार उरले, अशी जुन्या गॅझेटियरची नोंद आहे. लाकडी माड्यांची जुनी घरे, एकमेकींना खेटलेल्या भिंती आणि अरुंद गल्ल्या असलेल्या भागात आगीचा बंब पोहोचेपर्यंतची मिनिटे फार मोलाची असतात.

उपाय काही अवघड नाहीत. बॅटरी विमानातून काढून, प्रत्येक घट समतोल भरणाऱ्या चार्जरवर, फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर ठेवून आणि कोणी जागे व जवळ असतानाच चार्ज करावी. नागपूरच्या उन्हाळ्यात ती बंद मोटारीत ठेवू नये, आणि उड्डाणानंतर थंड होईपर्यंत चार्जरला लावू नये. साठवताना ती अर्धवटच भरलेली असावी. फुगलेली वा आपटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, आणि ती घरच्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण टाकाऊ बॅटरी नेऊन द्यावयाची कोठे, हे नागरिकाला ठाऊक नसेल तर तो नियम कागदावरच राहील.

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय याच शहरात आहे. तेथील ज्ञान चार सोप्या मराठी सूचनांच्या रूपाने शाळा-महाविद्यालयांत व महालाच्या गल्ल्यांत पोहोचविणे महापालिकेला अशक्य नाही. विक्रेत्यांनीही बॅटरीबरोबर मराठी सूचनापत्रक द्यावयास हवे. छंदावर बंदी घालणे हा शहाणपणा नव्हे. मुलाला विमान उडवावयास शिकविणाऱ्याने त्याची बॅटरी सांभाळावयासही शिकवावे, एवढीच अपेक्षा आहे. एखाद्या घराची राख झाल्यावर हे शहाणपण येण्यात काय अर्थ?