शहराची ओळख जन्मावरून ठरवायची की व्यवस्थेवरून?

स्ट्रॅटेजी गेमवर लिहायचे म्हटले की आमच्याच काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. चळवळीतल्या पोरांनी असल्या खेळात डोके कशाला घालायचे, असा त्यांचा सवाल असतो. सवाल चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कादंबरी, नाटक, सिनेमा यांची चिकित्सा आपण करतो, कारण त्यातून माणसाच्या डोक्यात समाजाचे चित्र तयार होते. मग ज्या खेळात खेळणारा स्वतः शहर वसवतो, जमीन ताब्यात घेतो आणि सैन्य उभे करतो, त्याची चिकित्सा का करू नये? आपल्या वस्त्यांतली मुले हे खेळ खेळतात. काही मुले गेम बनवायला शिकतही आहेत. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

काल्पनिक जगाचा स्ट्रॅटेजी गेम बनवणाऱ्यापुढे एक जुना प्रश्न असतो. शहरे आणि नकाशे एकमेकांपासून वेगळे कसे वाटतील? सोपे उत्तर म्हणजे चित्र बदलायचे. एका शहराला टोकदार मनोरे, दुसऱ्याला कवट्या, तिसऱ्याला झाडावरची घरे. पहिला तासभर मजा वाटते. दहाव्या तासाला खेळणारा चित्राकडे बघतही नाही, तो फक्त आकडे बघतो. नियम सारखेच असतील तर तिन्ही शहरे त्याला एकच वाटू लागतात. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: शहराची ओळख रंगात नसते, ती नियमात असते. ते शहर कशावर जगते, पैसा कुठून आणते आणि कोणाला आत घेते, यावरून ते ओळखले जाते.

'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा गेम १९९९ साली आला आणि आजही लोक तो खेळतात. मूळ गेममध्ये आठ प्रकारची शहरे आहेत. त्यातले नेक्रोपोलिस हे मृतांचे शहर. त्याचा सरदार लढाईत पडलेल्यांतून सांगाड्यांची फौज उभी करतो, म्हणजे प्रत्येक लढाई ही त्याची सैन्यभरती असते. रॅम्पार्टमध्ये खजिना बांधला की शिल्लक सोन्यावर दर आठवड्याला दहा टक्के भर पडते, म्हणून तिथे खेळणारा आठवडा संपताना हात आखडता घेतो. स्ट्राँगहोल्डमध्ये जादूची शाळा तिसऱ्या पायरीपुढे जातच नाही, त्यामुळे तिथे भिस्त मनगटावर. जमिनीचेही तसेच आहे. दलदलीच्या शहराचे सैन्य दलदलीत अडत नाही, उलट तिथे ते जास्त जोराने लढते. तेच सैन्य बर्फात नेले की त्याची चाल मंदावते. आठवडा तोच, नकाशा तोच, पण प्रत्येक शहराची विवंचना वेगळी.

२०१४ सालचा 'एंडलेस लेजंड' यापुढे गेला. त्यात नकाशा प्रदेशांत वाटलेला आहे आणि एका प्रदेशात एकच शहर वसवता येते. त्यातले 'ब्रोकन लॉर्ड्स' अन्न खातच नाहीत. त्यामुळे ज्या सुपीक मैदानासाठी इतर जण धडपडतात, ते त्यांच्या लेखी फारसे मोलाचे नाही. 'कल्टिस्ट' लोकांना एकच शहर ठेवता येते आणि ते आजूबाजूच्या वस्त्या आपल्या पंथात ओढून वाढतात. 'रोव्हिंग क्लॅन्स' तर आपले शहरच उचलून दुसरीकडे नेतात. यातून नकाशाविषयी एक धडा मिळतो: एकाच जमिनीकडे बघून दोन खेळणाऱ्यांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या, तरच तो नकाशा जिवंत.

इथपर्यंत बहुतेकांना पटेल. खरा वाद पुढे आहे.

शहरे वेगळी करण्याचा आणखी एक सोपा मार्ग या खेळांनी वर्षानुवर्षे वापरला. वंशाला स्वभाव चिकटवायचा. ऑर्क जन्माने रानटी, एल्फ जन्माने सुसंस्कृत, बुटके जन्माने खाणीत राबणारे. 'हिरोज ३' मध्ये प्रत्येक शहरात सैनिकांच्या सात पायऱ्या असतात. भालेकऱ्याची बढती झाली तरी तो चांगला भालेकरीच होतो, कितीही लढला तरी वरच्या पायरीवर जात नाही. हे वाचताना तुम्हाला काही आठवले का? १९२० साली 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी इथल्या समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. गेम बनवणाऱ्यांच्या मनात जात होती, असा आरोप आम्ही करत नाही. पण गुण जन्मावरून ठरतात, ही कल्पना खेळता खेळता सवयीची होते, हे नाकारून चालणार नाही.

याला पर्याय आहे का? आहे. २०२३ साली आलेल्या 'एज ऑफ वंडर्स ४' मध्ये देह आणि संस्कृती यांची फारकत केली आहे. बेडकासारख्या देहाचे लोक सरंजामी शहर वसवू शकतात, ऑर्कसारखे दिसणारे लोक जादूविद्येची संस्कृती घेऊ शकतात. शहराच्या इमारती आणि फौज मुख्यतः संस्कृतीवरून ठरतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या जुन्या खेळानेही २०२४ च्या नियमपुस्तकात 'वंश' हा शब्द सोडला.

यावर एक आक्षेप घेतला जातो. कोणीही काहीही होऊ शकत असेल, तर सगळी शहरे सारखीच बेचव होतील. आक्षेपात तथ्य आहे. नुसती मोकळीक दिली की वेगळेपण आपोआप येत नाही. पण त्यावर उपाय म्हणून जन्म परत आणायचा नसतो, इतिहास आणायचा असतो. या शहराला पाणी कुठून मिळते? त्या पाण्यावर ताबा कोणाचा? तटबंदी कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते? कर कोण भरतो आणि त्यातून काय बांधले जाते?

हे प्रश्न आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. गावकूस, वेस, पाणवठा यांचा नकाशा आपल्या आजी-आजोबांच्या पायांना पाठ होता. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने कागदावर सर्वांना खुले केले होते, तरी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करूनच त्याचे पाणी प्यावे लागले. नकाशावर तळे म्हणजे निळा ठिपका. त्याचे पाणी कोण पिऊ शकतो, या नियमामुळे ते महाडचे तळे ठरते. आता कल्पना करा की एखाद्या गेममध्ये असा नियम आहे: जे शहर आपले तळे सर्वांना खुले करते तिथे शेजारच्या शहरांतून माणसे येऊन वसतात, पण त्याचे सरदार नाराज होतात. जे शहर तळे बंद ठेवते त्याचे सरदार खूश, पण कारागीर निघून जातात. एवढ्या एका नियमाने दोन शहरे कायमची वेगळी होतील, आणि कोणाच्याही रक्तात काही मिसळावे लागणार नाही.

नावांचेही तसेच. उगाच जीभ वळत नाही अशी नावे ठेवण्यापेक्षा बुद्रुक आणि खुर्द बघा. दोन शब्दांत कळते की थोरले गाव कोणते आणि धाकटे कोणते.

म्हणून मित्रांनो, गेम बनवायला बसाल तेव्हा आधी मनोरे काढू नका. आधी पाणी, जमीन, कर आणि वेस यांचे नियम कागदावर लिहा. जिथे मनोरा असेल तिथे जिना ठेवा. नसेल ठेवायचा, तर तो का नाही हे खेळणाऱ्याला दिसू द्या आणि तो बांधण्याची संधी त्याला द्या. दुसऱ्यांनी आखलेल्या नकाशावर आपण पुष्कळ खेळलो. आता नकाशा आपण आखू.

जय भीम!