बंपर झाडाला, गाडी चिखलात आणि बिल बाकी

मागच्या बॅचमध्ये एक गॅरेजवाला होता. जेवणाच्या सुट्टीत तो एक किस्सा सांगायचा आणि दर वेळी तो किस्सा एक-दोन इंच वाढायचा. त्यात लोणकढी थाप किती आणि खरं किती, हे मी मोजायला गेलो नाही. तुम्हीही मोजू नका.

तर झालं असं. आपला गडी टेम्पो आणि दुचाकी दुरुस्त करणारा, हात चांगला. एक दिवस फार्महाऊसवाले शेठ जुनी जीप घेऊन आले. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला आणि म्हणाले, "आपली गाडी अशी राक्षस करून दे." याने आयुष्यात लिफ्ट किट हातात धरलं नव्हतं. तरी म्हणाला, "होऊन जाईल शेठ!" अंदाजे आकडा फेकला, ८५ हजार. ॲडव्हान्स १० हजार. कागदावर काय लिहिलं? काहीच नाही.

पाटे उचलले, ३५ इंची टायर चढवले. स्टिअरिंग वळवलं तर टायर मडगार्डला घासतोय. मग ग्राइंडर काढला आणि मडगार्ड कापलं. त्याबरोबर आतली वायरिंगही कापली. जोडाजोड केल्यावर हॉर्न दाबला की वायपर फिरायचा.

खरी मजा पुढे. गाडी शेडमध्ये आली तेव्हा ठेंगणी होती, आता ती शटरखालून निघेना! टायरची हवा काढली, तरी चार बोटं कमी. मग शेजारपाजारचे गोळा करून गाडीत बसवले, वजनाने दबावी म्हणून. पहिल्यांदा किस्सा ऐकला तेव्हा अकरा माणसं होती. शेवटच्या दिवशी सतरा झाली आणि त्यात एक नवरदेव वरातीतून उतरून आला होता.

टायर मूळचे साधारण २९ इंचांचे. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. म्हणजे मीटरवर ५०, प्रत्यक्षात ६०. शेठ खूश, "बघ, किती स्मूथ चालते!"

मग पावसाळ्यात मुळशीकडचा एक ओढा. गाडीला स्नॉर्केल होता, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारा पाईप. दिसायला झकास. फक्त तो एअर फिल्टरला जोडायचा राहिला होता. इंजिनाने पाणी ओढलं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला. गाडी चिखलात बसली. मग विंचची तार बाभळीला बांधली आणि बटण दाबलं. बाभूळ हलली नाही, गाडी हलली नाही. बंपर मात्र सुटला आणि झाडाला जाऊन मिठी मारून बसला. विंच बंपरवर होता आणि बंपर चॅसीला नव्हे, नुसत्या पत्र्याला बोल्ट केला होता.

आम्ही हसून हसून आडवे. पण हिशोब ऐका. सामान १ लाख १२ हजार, इंजिनाचं काम ३८ हजार. एकूण दीड लाख, हातात आले १०. शेठनी बाकी द्यायला नकार दिला. बायकोची पाटली सराफाकडे गेली. किस्स्यातला हा भाग तो कधीच वाढवून सांगायचा नाही.

आता माझं मत. लोक म्हणतात याचं तांत्रिक ज्ञान कमी पडलं. मला तसं वाटत नाही. ज्ञान शिकता येतं, माणूस विचारून घेतो. गडी फसला तो "होऊन जाईल" या दोन शब्दांत. आपल्याकडे गिऱ्हाईक देव, मग देवाला नाही कसं म्हणायचं? अहो, पण देवसुद्धा नवस बोलताना काय देणार ते आधी वदवून घेतो! जॉब कार्डवर चार ओळी आणि सामानाचे पूर्ण पैसे आधी, एवढं मागितलं असतं तर शेठ कदाचित दुसरीकडे गेले असते. जाऊ द्यायचे होते.

आणि एक गोष्ट तर त्याने विचारलीच नाही : हे काम कायद्यात बसतं का? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मॉडिफिकेशनचं दुकान टाकायचंय म्हणून मला विचारणाऱ्या पोरांनो, भांडवल किती लागेल हा तुमचा दुसरा प्रश्न असू दे. पहिला प्रश्न आरटीओत जाऊन विचारा. घाटात, चिखलात फिरणाऱ्या गाड्यांना ब्रेक, गंज, खालची धुलाई, पाट्यांची बुशं, अशी सरळ कामंही भरपूर असतात. त्यात रील होत नाही, ही गोष्ट वेगळी.

आपला गडी आता तेच करतो. बंपर गॅरेजच्या भिंतीवर टांगलाय. परवा फोन केला तेव्हा म्हणाला, "सर, पाटलीचे दोन हप्ते राहिलेत." मागून बायकोचा आवाज आला, "तीन!"