गाठीचा बाजार

पायात बाभळीचा काटा मोडतो, चिघळतो आणि दोन-तीन दिवसांत जांघेत सुपारीएवढी गाठ येते. ‘अवधान आले’ असे आपण म्हणतो. मग कोणी चुना-गूळ लावतो, कोणी बिब्ब्याचा चटका देतो, कोणी चोळून गाठ ‘जिरवू’ पाहतो. मला हे पाहवत नाही. त्या गाठीचा काहीच गुन्हा नसतो.

आपल्या शरीरात अशा पाच-सहाशे लसिका ग्रंथी आहेत. जखमेपाशी पहारा करणाऱ्या, फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या काही पेशी जंतूंचे तुकडे उचलून जवळच्या ग्रंथीत नेतात. (राल्फ स्टाइनमन यांनी 1973 साली या पेशी ओळखल्या. 2011 चे नोबेल जाहीर झाले, त्याच्या तीनच दिवस आधी ते वारले होते.) आता एखादा ठरावीक जंतू ओळखणारी टी-पेशी लाखात एखादी. ती अंगभर शोधत हिंडली तर दोघांची गाठ कधी पडायची? खिल्लार बैल हवा असलेला शेतकरी गावोगाव हिंडत नाही, काष्टीच्या बाजाराला येतो. ग्रंथी हा तसाच बाजार. तिथे टी-पेशी एकेका फांदीवाल्या पेशीला चाचपते, रुमालाखाली बोटे धरून सौदा करावा तशी. जमले नाही तर दिवसभरात पुढच्या ग्रंथीकडे निघते. जमले तर तिच्या हजारो प्रती होतात, बी-पेशी प्रतिपिंडे बनवू लागतात. गर्दीने बाजार फुगतो, तीच गाठ. जखम भरली की ती आपोआप ओसरते.

पण बाजारात रोगी जनावरही येते. क्षयाचे जंतू याच ग्रंथींत ठाण मांडतात. जुन्या लोकांची गंडमाळ बहुधा हीच. 2022 साली लम्पी आला, तेव्हा गाईच्या अंगावर गाठी दिसताच आपण धावपळ केली. राज्यातले जनावरांचे बाजारही बंद ठेवले. मुलीच्या मानेतली गाठ मात्र लग्न मोडेल म्हणून ओढणीखाली महिनोन्‌महिने झाकली जाते. याचा मला राग येतो.

दोन-तीन आठवड्यांत न ओसरणारी, वाढत जाणारी किंवा दगडासारखी कडक गाठ डॉक्टरांना दाखवावी. बारीक सुईने पेशी काढून तपासतात, फार दुखत नाही. क्षय निघाला तर सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात, निदान सहा महिने घ्यावी लागतात. औषधे चालू असतानाही गाठ कधीकधी आधी थोडी वाढते. तेव्हा घाबरून गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.