परतीचे तिकीट

बोटीचा प्रवास म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवस, नाही तर गेटवेवरून घारापुरी, एवढीच आमची आजवरची मजल. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता मोठ्या प्रवासी जहाजाने मॉरिशसला निघालो, तेव्हा वसाहतीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, "लॉटरी लागली का काय?"

लॉटरी नव्हे. आमचा धाकटा मुलगा त्या जहाजाच्या लाँड्रीत कामाला आहे. कर्मचाऱ्याच्या आई-वडिलांना वर्षातून एखाद्या फेरीला कमी भाड्यात नेतात. पोराने पगारातून पैसे बाजूला टाकून आमची तिकिटे काढली. मुंबईहून निघायचे, सेशेल्स आणि मॉरिशस करून मुंबईलाच परत यायचे, अशी ती फेरी होती.

आमचा हेतू फिरण्याचा होता. सौ.चा हेतू वेगळा होता. मुलाचे आठ महिन्यांचे कंत्राट संपत आले होते आणि नव्या कंत्राटाचा कागद त्याच्या हातात पडला होता. मागच्या कंत्राटात असताना त्याची आजी वारली. नातवाने आजीचे शेवटचे दर्शन मोबाईलच्या पडद्यावर घेतले. तेव्हापासून सौ.च्या मनाने घेतले होते की आता बास. "तुम्ही खुशाल समुद्र बघा," ती निघतानाच म्हणाली, "मी पोराला घरी आणायला चालले आहे."

नवव्या दिवशी सकाळी जहाज पोर्ट लुईच्या बंदरात लागले. मॉरिशसच्या राजधानीचे हे शहर. पाठीमागे डोंगरांची रांग, त्यात अंगठा वर करावा तसा एक सुळका. त्याचे फ्रेंच नाव 'ल पूस', म्हणजे अंगठाच. डिसेंबर असूनही ऊन भाजत होते आणि गुलमोहर लालभडक फुलला होता. विषुववृत्ताच्या खालच्या अंगाला आपल्या उलट ऋतू, म्हणून आपली थंडी ती त्यांची उन्हाळ्याची वेळ. हे शाळेत वाचले होते, पण डिसेंबरातला गुलमोहर डोळ्यांनी पाहिला तेव्हा कुठे पटले.

संध्याकाळी साडेपाचच्या आत जहाजावर परत यायचे होते. मुलाला दुपारी दोन तास सुट्टी मिळणार होती. आम्ही तिघांनी बाजारात जेवायचे असे ठरले होते. पण सकाळीच निरोप आला, त्याच्या जोडीचा एक जण आजारी पडला, सुट्टी रद्द. सौ. काही बोलली नाही. पदर खोचला आणि शिडी उतरू लागली.

बंदराच्या काठाने चालत आम्ही आधी आप्रवासी घाट पाहायला गेलो. तिकीट नाही, गर्दी नाही. काळ्या दगडाच्या जुन्या इमारती, दवाखान्याच्या खोल्यांचे अवशेष, एक दरवाजा आणि दगडी पायऱ्या. एवढ्याशा जागेला युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा ठरवले आहे. त्यात विशेष काय, असे कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटले.

तिथल्या माहिती केंद्रात काम करणारी एक तरुण मुलगी भेटली. सौ.ची साडी आणि आमचे बोलणे ऐकून ती थांबली आणि सावकाश, शब्द जुळवत म्हणाली, "तुम्ही मराठी? मी पण मराठी." घरी ती क्रिओल बोलते, मराठी शाळेत शिकली. तिच्या पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून आले होते. मग तिने आम्हाला जे सांगितले ते असे.

ब्रिटिशांच्या या बेटावर १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. सरकारने हिंदुस्थानातून कंत्राटी मजूर आणण्याचा प्रयोग सुरू केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून ३६ माणसे इथे उतरली. तो दिवस मॉरिशस आजही पाळतो. पुढे १९२० पर्यंत कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबई बंदरातून जवळजवळ पाच लाख माणसे आली. बोटीतून उतरले की सोळा पायऱ्या चढायच्या आणि या आवारात नोंदणीसाठी थांबायचे. नंतर ज्याचा कागद ज्या मळ्याशी, त्या मळ्यावर रवाना. शिडाच्या जहाजाला यायला आठवडेच्या आठवडे लागत आणि वाटेतच कित्येक जण दगावत.

पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. त्याला 'डबल कट' म्हणत. सुरुवातीला करार संपल्यावर परतीचा प्रवास फुकट होता, पण १८५० च्या दशकात तो बंद झाला. आलेल्यांपैकी बहुतेकांनी गाव पुन्हा पाहिले नाही.

"प्रत्येकाला नंबर असायचा," ती मुलगी म्हणाली. नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव आणि जात अशी नोंद वहीत व्हायची. आडनावाची भानगड नव्हती. पूर्वजाचे जे नुसते नाव लिहिले गेले, तेच पुढे कित्येक घराण्यांचे आडनाव झाले.

सौ. थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, "म्हणजे इथं आडनावावरून सगळं कळत नाही." आमच्या वाचकांना या वाक्याचा अर्थ उलगडून सांगायला नको. जात त्या बेटावरून अगदी गेली असे मात्र समजू नका, निवडणुका आल्या की ती तिथेही डोके वर काढते. पण एका जहाजातून आलेली माणसे एकमेकांना 'जहाजीभाई' म्हणत आणि ते नाते रक्ताच्या नात्यासारखे मानत, हेही तितकेच खरे. समुद्राने पुष्कळ हिरावले आणि एवढे एक दिले.

सौ. पायऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली. गुडघ्याच्या दुखण्यामुळे तिला पायऱ्या म्हटले की आधी मोजायची सवय. तिने सोळा मोजल्या. "यांच्या आयांना कुणी सांगितलं असेल का हो, पोरगं कुठं गेलं ते?" तिने विचारले. आमच्याकडे उत्तर नव्हते.

बारा वाजता आम्ही मध्यवर्ती बाजारात गेलो. दोडकी, भेंडी, कारली, सगळे आपलेच. कोथिंबिरीला तिथे 'कोतोमिली' म्हणतात. भाजीवाल्या बाईने सौ.च्या हातात जुडी ठेवली, सौ.ने वास घेतला आणि दोघी उगाचच हसल्या. नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदी अक्षरे. लिचीचा हंगाम होता, घोसच्या घोस टांगलेले. आम्ही तिथले नावाजलेले 'आलूदा' प्यालो. थंड दुधात सब्जाचे बी आणि जेली, आपल्या फालुद्याचा सख्खा भाऊ.

पण खरी गोष्ट म्हणजे 'धोलपुरी'. डाळ शिजवून वाटून पातळ पोळीत भरायची, गूळ नाही, वेलची नाही. बिनगोडाची पुरणपोळीच म्हणा ना! त्यात घेवड्याच्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. एक मागितली तरी दोन मिळतात, कारण तिथे ती जोडीनेच विकायची रीत आहे. मळ्यावरच्या माणसांचे हे खाणे आज सगळ्या देशाचे झाले आहे. कुठल्याही धर्माचा माणूस रस्त्यात उभा राहून ते खातो. सौ.ने आमच्या दोन जोड्या घेतल्या आणि न बोलता तिसरी जोडी बांधून पिशवीत ठेवली.

दुपारी टॅक्सी करून पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाकला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंनी ऊस. तोडणी होत आली होती, त्यामुळे शेते मोकळी दिसत होती आणि जागोजाग काळ्या दगडांचे उंचच उंच ढीग. आम्हाला वाटले देवळाबिवळाचे चौथरे असतील. टॅक्सीवाला तुटक्या हिंदीत म्हणाला, "ये हमारे बाप-दादा का हाथ है।" बेट ज्वालामुखीतून झालेले, जमिनीत दगडच दगड. ते हातांनी वेचून, ढीग घालून मळेवाल्यांची शेते मोकळी केली, तेव्हा साखर पिकली. जाहिरातीत या बेटाचा निळा समुद्र दाखवतात. हे ढीग आम्ही एकाही जाहिरातीत पाहिले नव्हते.

समुद्र मात्र खरोखर निळा. दूरवर पोवळ्यांची भिंत असल्याने लाटा तिकडेच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत. किनाऱ्याला सुरूची दाट झाडे. शेजारी महागडी हॉटेले आहेत, पण वाळूवर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्याच वयाची तिथली जोडपी डबे घेऊन सावलीत बसली होती. सौ. गुडघाभर पाण्यात उभी राहिली. लग्नाला पस्तीस वर्षे झाली, तिला असे काही काम नसताना उभी राहिलेली आम्ही प्रथमच पाहत होतो. दहा मिनिटे ती हलली नाही. मग म्हणाली, "चला, त्याच्या पोळ्या गार होतील." त्या केव्हाच गार झाल्या होत्या.

पाच वाजता धक्क्यावर पोहोचलो. पिशवी तपासणाऱ्या पहारेकऱ्याने पुडके बाहेर काढले आणि मान हलवली. बाहेरचे शिजवलेले अन्न जहाजावर नेता येत नाही, नियम आहे. सौ.ने त्याला मराठीत सांगितले की पोरगा उपाशी आहे. पोरगा उपाशी नव्हता, जहाजावर खायला भरपूर असते. पण पहारेकरी मराठी न समजताही काहीतरी समजला. तो फिलिपिन्सचा, त्यालाही घरी आई असेलच. त्याने आतल्या फोनवरून निरोप दिला आणि पाचच मिनिटांत मुलगा आपले कार्ड दाखवून धक्क्यावर आला. अंगात लाँड्रीचा पांढरा डगला, हात पाण्याने सुरकुतलेले.

तो उभ्याउभ्याच खाऊ लागला. पहिल्याच घासाला म्हणाला, "आई, ही तर आजीच्या पुरणपोळीसारखी आहे, फक्त गोड नाही." सौ.ने तोंड फिरवले. मग त्याच्या गळ्यातले कार्ड हातात घेऊन त्यावरचा नंबर तिने निरखून पाहिला. आम्हाला वाटले, आता हिने बोलायचे ठरवले आहे ते बोलणार.

ती म्हणाली, "कागद आणलास का? दाखव."

त्याने मोबाईलवर कंत्राट उघडले. सौ. सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी येत नाही. "वाच आणि एकेक सांग. किती महिने? सुट्टी किती? आजारी पडलास तर खर्च कुणाचा? घरी यायचं तिकीट कोण देणार, ते लिहिलंय का?" तो एकेक कलम वाचून मराठीत सांगत गेला. परतीच्या प्रवासाचा खर्च मालकाचा, असे कलम होते. तिने ते दोनदा वाचून घेतले. मग म्हणाली, "सही करायची का नाही हे तू ठरव. पण न वाचता करू नको. आणि घरी कुणाचं काही झालं तर काय करायचं, हे त्यांना विचारून ठेव." मुलगा पाया पडायला वाकला, तिने त्याला मध्येच धरले, कारण त्याच्या हातात अजून अर्धी पोळी होती.

वाचकहो, आपल्या वस्त्यांतली मुले आता जहाजावर, आखातात, कुठेकुठे कामाला जातात. जाऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. घरात बसून पोट भरत नाही. पण त्या पाच लाखांमध्ये आणि आपल्या मुलांमध्ये फरक आहे तो वाचता येणाऱ्या कागदाचा आणि कायद्याचा. २००६ साली जगातल्या देशांनी जहाजावरच्या कामगारांसाठी एक करार केला. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल एजंटाला मुलाकडून पैसे घेता येत नाहीत, बारा महिन्यांच्या आत त्याला घरी परतण्याचा हक्क आहे आणि तो खर्च जहाजमालकाने करायचा आहे. तेव्हा एजंटाकडे सरकारी परवाना आहे का ते पाहा. करारपत्राची एक प्रत घरी ठेवा. जो लाखभर रुपये आधी मागतो, त्याच्या दारातून उठून या.

रात्री जहाज सुटले तेव्हा आम्ही दोघे वर कठड्याशी उभे होतो. पोर्ट लुईचे दिवे लहान होत गेले. सौ. म्हणाली, "बेट छान आहे हो." मग थोड्या वेळाने, "मुंबईला उतरल्यावर त्याच्या खोलीला रंग काढून घेऊ. सही करो नाही तर न करो, महिन्याभराने घरी येतोच आहे."